नावावरची रेघ

सूर्यतळे मॅडम गेल्या, त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्या भाचीनं घर आवरायला घेतलं तेव्हा मला हाक मारली. मॅडम आणि मी नांदेडच्या एकाच शाळेत नोकरीला, त्या चित्रकलेच्या आणि मी मराठीची. शिवाय तरोड्यात आमची घरं पाठीला पाठ लावून. मावशीच्या सामानातलं काय ठेवायचं आणि काय भंगारात द्यायचं हे मला कळेल, असं भाचीला वाटलं असावं. तिनं बिस्किटांचा एक मोठा चौकोनी डबा माझ्यापुढं ठेवला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले तांब्याचे पत्रे होते. काही वहीएवढे, काही आगपेटीहून थोडे मोठे. प्रत्येकावर बारीक कोरीव काम होतं, आणि प्रत्येकावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक खोल तिरकी रेघ मारलेली होती.

"काकू, मावशी एवढी कशावर चिडली होती?" भाचीनं विचारलं. "इतकं छान काम करून सगळं खरवडून ठेवलंय."

मला हसू आलं. हाच प्रश्न मी पूर्वी एका अंगणात ऐकला होता, याहून फार जळजळीत शब्दांत. भाचीला मी म्हटलं, "चिडली नव्हती गं. बस, सांगते." पण सांगायला बसले तर कुठून सुरुवात करावी तेच सुचेना. म्हणून घरी येऊन लिहायला घेतलं.

मॅडम उंच आणि हाडकुळ्या. साडी कायम घोट्याच्या वर, चालणं बस सुटत असल्यासारखं. त्यांची नखं बारा महिने काळी असायची. शाळेत नवीन आलेल्या एखाद्या बाई त्यांच्या हाताकडं बघून आपला डबा हळूच पलीकडं सरकवायच्या. त्याचं कारण नखं, की आडनाव विचारून झाल्यावर कळलेली जात, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. मॅडमना तर ते विचारायची गरजच नव्हती. त्या स्वतःचा डबा उघडून सरळ त्या बाईंपुढं ठेवायच्या. "घ्या, ठेचा हाय. शाईनं माणूस मरत न्हाई." ज्वारीची भाकरी आणि तो ठेचा असा असायचा, की तिसऱ्या दिवशी डबे आपोआप जवळ यायचे.

त्यांच्या पर्समध्ये एक छोटा गोल आरसा असायचा. एखाद्या पोरानं चित्र आणून दाखवलं की त्या चित्राकडं न बघता आधी आरशात बघायच्या. डोळ्याला सवय झालेली चूक आरशात उघडी पडते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मुख्याध्यापकांना ते कळलेलं नव्हतं. एकदा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, या वयात सारखं सारखं आरशात काय बघता?" मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं चित्र आणा, तेबी बघते." त्यानंतर सरांनी आरशाचा विषय काढला नाही.

आणि त्यांचं ते "जरा सुकू द्या". कुणी भांडलं, कुणी रडलं, कुणी तावातावानं निर्णय घेतला, की मॅडमचं औषध ठरलेलं. मी एकदा वेळापत्रकावरून भडकून राजीनामा लिहिला होता. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, टेबलावर पंख्याखाली ठेवला, वर डस्टर ठेवलं आणि म्हणाल्या, "जरा सुकू द्या, मॅडम." बॉलपेननं लिहिलेलं काय सुकायचंय? पण शाळा सुटेपर्यंत माझा राग निवला आणि तो कागद कुठं गेला ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

काळ्या नखांचं कारण त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत होतं. तिथं त्यांचं यंत्र होतं. तरुणपणी हैदराबादला शिकताना त्या पत्र्यावरून चित्र छापायचं काम शिकल्या होत्या. परत आल्यावर यंत्राशिवाय हात आखडले. तसलं यंत्र मराठवाड्यात कुठून मिळायचं? शेवटी लातूरच्या औद्योगिक वसाहतीत रसवंतीची यंत्रं बनवणारा एक कारागीर त्यांनी गाठला आणि त्याला म्हणाल्या, "तुमच्या यंत्रात ऊस जातो, माझ्या यंत्रात कागद जायचाय. एवढाच फरक." दोन जाड रूळ, मधून सरकणारी लोखंडी पाटी आणि बाजूला मोठं चाक. गल्लीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी दारात येऊन रस मागितला. मॅडमनी पोरांना चाक फिरवू दिलं आणि रुळाखालून कागदावर छापून आलेला एक काळा बैल दाखवला, तेव्हा कुठं त्यांची समजूत पटली.

कागदावर दाब सारखा पडावा म्हणून रुळाखाली लोकरीचं जाड कापड घालावं लागतं. मॅडमनी मुखेडच्या बाजारातून घोंगडी आणली. त्या मूळच्या मुखेड तालुक्यातल्या, घोंगडीवर त्यांचा भारी भरवसा. पण पहिला छाप निघाला तो घोंगडीची वीण घेऊनच. चित्रातल्या बाईच्या गालावर, आभाळावर, सगळीकडं उभे-आडवे धागे. मी हसून हसून बेजार. मॅडम मात्र तो कागद आरशात बघत बसल्या आणि म्हणाल्या, "आभाळाला बरी दिसायलीय, न्हाई का?"

काम कसं चालायचं ते मी इतक्या वेळा बघितलंय, की झोपेतही सांगेन. तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि डांबराचा पातळ लेप द्यायचा. तो वाळला की सुईनं त्यावर चित्र काढायचं, म्हणजे तेवढ्या रेघांपुरतं तांबं उघडं होतं. मग पत्रा तेजाबात सोडायचा. उघडं तांबं खाल्लं जातं आणि रेघा खोल होतात. लेप पुसून त्या रेघांत शाई भरायची, वरची शाई मलमलीनं आणि मग खडू लावलेल्या तळहातानं पुसायची. वरून ओला कागद ठेवून चाक फिरवलं, की रेघांतली शाई कागद उचलतो. सगळं उलटं छापलं जातं, म्हणून पत्र्यावर सगळं उलटं काढायचं. एवढी वर्षं हे करून मॅडमना उलटं आणि सुलटं यांत फरकच वाटेनासा झाला होता. खडू मात्र शाळेचे असायचे. मुख्याध्यापकांना तेवढं ठाऊक होतं.

ठरलेले छाप काढून झाले, की शेवटचं काम. पत्र्यावर एक रेघ मारायची, अशी की पुन्हा कुणाला चोरून छाप काढता येऊ नये. हा या कामातला जुना नेम आहे. मॅडम त्या दिवशी आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून बसायच्या. टोकदार हत्यार कोपऱ्यावर टेकवायचं आणि एका दमात दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न्यायचं. महिनोन् महिने डोळे फोडून केलेलं काम क्षणात मोडीत. मला बघवायचं नाही. मी एकदा विचारलं, "तुमचा जीव कसा होतो हो?" तर म्हणाल्या, "ज्यांनी घेतलं त्यांना शब्द दिलाय मॅडम, एवढेच हायत म्हणून. पत्रा तिजोरीत ठेवून भागत न्हाई."

आता बिरादार गुरुजींचं सांगायला हवं. व्यंकटराव बिरादार हे मॅडमचे शाळेतले गुरुजी. मुखेडकडच्या मॅडमच्या खेड्यात बदलीवर आले होते. मागच्या भिंतीशी बसणाऱ्या या पोरीला त्यांनी पुढं बोलावलं, हातात खडू दिला आणि फळ्यावर नदी काढायला सांगितली. बस्स, एवढंच. मॅडमच्या मते त्यांचं पुढचं सगळं त्या फळ्यावर झालं. गुरुजी निवृत्त होऊन आपल्या गावी, शिरूर अनंतपाळला, राहायला गेले.

गुरुजींनी आयुष्यात एकच मोठी कथा लिहिली, 'गाळाचे दिवस'. उन्हाळ्यात गावच्या आडात उतरून गाळ काढणाऱ्या एका माणसाची. तळाशी त्याला गावानं हरवलेल्या वस्तू सापडत जातात, आणि कोणती कुणाची हे त्यालाच तेवढं कळत जातं. कथा एका दिवाळी अंकात आली होती, पण तिच्यावर गुरुजींचं नाव छापायचंच राहून गेलं. अनुक्रमणिकेतही नाही आणि कथेवरही नाही. संपादकांनी दिलगिरी कळवली, पुढं तो अंकही बंद पडला. गावातल्या लोकांना गुरुजी अंक दाखवायचे. लोक पान उलटून म्हणायचे, "तुमचं नाव कुटं हाय ह्येच्यात?" मग गुरुजींनी तो दाखवायचं सोडलं.

निवृत्त झाल्या झाल्या मॅडमनी ठरवलं, की हे पुस्तक आपण करायचं. चाळीस प्रती, हातकागदावर. मजकूर नांदेडातल्या एका जुन्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचा, आत त्यांची स्वतः छापलेली चित्रं, आणि शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या. मी म्हटलं, "मॅडम, चाळीस प्रतींत काय होतंय? चार हजार काढा, गावोगाव वाचतील." त्या म्हणाल्या, "तुम्ही काढा चार हजार. त्येबी पायजेत. मला मात्र त्यांचं नाव त्यांच्या हातानं कथेखाली बघायचंय, आणि तसं चार हजारदा होत न्हाई." प्रत्येक चित्राखाली त्यांनी पेन्सिलीनं आकडे घालायला घेतले, चाळिसातलं पहिलं, चाळिसातलं दुसरं असे. तो आकडा एकदा लिहिला की त्यांच्यालेखी दगडावरची रेघ.

सह्यांची पानं आधीच करून आणा, असंही मी सुचवलं होतं. एका बैठकीत काम झालं असतं. मॅडमना ते अजिबात पटलं नाही. पुस्तक पूर्ण होऊन हातात आल्यावर लेखकानं सही करायची, आधी केली तर ती कशावर केली? त्यामुळं पाच-सहा प्रती बांधून झाल्या की मॅडम लातूरची एसटी धरायच्या, चाकूरला उतरून मिळेल त्या गाडीनं शिरूरला जायच्या. गुरुजी तर त्यांचेही गुरू. प्रत्येक प्रत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही करायची नाही, असा त्यांचा बाणा. प्रत्येक प्रतीत तीच कथा. त्यांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणायचं. अक्का चुलीपाशी बसून म्हणायच्या, "काय बदललं का वो काल वाचल्यापासनं?" गुरुजी चष्म्यावरून बघून म्हणायचे, "आपलं नाव हाय का बगायलो."

निम्म्याच प्रती झाल्या होत्या, तेव्हा गुरुजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. लातूरच्या दवाखान्यातून जिवंत घरी आले, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. मॅडम भेटून आल्या त्या दिवशी त्यांच्या मागच्या खोलीतला दिवा लागला नाही. उरलेल्या प्रतींची पानं सुटी, गठ्ठ्यात, तशीच होती.

सल्ले द्यायला सगळे होतो. गुरुजींचा मुलगा भला माणूस, तो म्हणाला, "मी करतो की सह्या, दादांच्या सहीसारखी हुबेहूब येती मला." मी म्हटलं, शिक्का करून घ्या. मॅडम सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि नाही म्हणून मान हलवायच्या. शेवटी मी वैतागून म्हणाले, "मग वीसच प्रतींचं पुस्तक म्हणा!" त्या म्हणाल्या, "अन् खाली चाळीस लिहून बसले त्याचं?" माणूस गेल्यावर हे पुस्तक अर्धंच राहणार, एवढं तर मलाही दिसत होतं.

पुढच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले. गुरुजी ओसरीवर खाटेवर टेकून बसलेले. मांडीवर नातवाची पाटी, डाव्या हातात पेन्सिल. काहीतरी गिरवत होते. अक्का आम्हाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "डोक्यावरबी परिणाम झालाय बगा. दिवसभर ह्येच. अक्षरंबी न्हाईत ती, नुस्त्या रेघोट्या. बगून जीव तुटायलाय माझा."

मॅडम पाटीपाशी गेल्या. वाकून बघितलं. आणि मोठ्यानं हसल्या, अशा की अक्का दचकल्या.

"अक्का, डोकं शाबूत हाय गुरुजींचं. 'व्यंकटराव' लिहिलंय. 'बिरादार'मधला शेवटचा 'र' तेवढा ऱ्हायलाय."

"काय सांगायलाव!"

मॅडमनी आरसा काढून पाटीसमोर धरला. आरशात अक्षरं सरळ उभी राहिली. वाकडी, थरथरती, पण गुरुजींचीच. उजवा हात गेलेल्या माणसाचा डावा हात कधी कधी असा उलटा लिहितो, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गुरुजी मात्र मॅडमकडं बघून तोंडाच्या एका बाजूनं हसत होते. इतक्या दिवसांत त्यांचं लिहिलेलं वाचणारं कुणीतरी आलं होतं.

येताना एसटीत मॅडम बसायलाही तयार नव्हत्या. "उलटं म्हणजे काय मॅडम? पत्र्यावर उलटंच पायजे!" आठवडाभरात त्यांनी तांब्याचे छोटे तुकडे कापले, लेप दिले आणि शिरूरला नेले. लेपावर सुईनं लिहायला जोर लागत नाही, दुखणाईत हातालाही ते जमतं. गुरुजी डाव्या हातानं उलटी सही करायचे. नांदेडला आणून मॅडम पत्रा तेजाबात सोडायच्या आणि छापायच्या, की कागदावर सही सरळ.

मला वाटलं, सुटलो. एका पत्र्यावरून सगळ्या प्रतींवर सही छापून मोकळं व्हायचं. मॅडमना ते चाललं नाही. एका प्रतीला एक पत्रा. गुरुजींनी प्रत्येक वेळी नव्यानं सही करायची, त्या पत्र्याचा एकच छाप काढायचा आणि लगेच रेघ. मगच ती त्या प्रतीची सही. गुरुजींनाही हे असंच हवं होतं. पान वाचून दाखवायला आता अक्का किंवा मुलगा लागायचा, पण पूर्ण कथा ऐकल्याशिवाय ते सुई धरायचे नाहीत. एका खेपेला एखादीच सही व्हायची, कधी तीही नाही.

आणि मग ती चूक झाली. आता विचार केला की वाटतं, दुसऱ्या कुणाच्या हातून ती होणं शक्यच नव्हतं.

आठ-दहा पत्रे झाले तेव्हा मॅडमनी ते स्वच्छ पुसले, चमकवले, खणाच्या कापडात बांधले आणि शिरूरला भेट म्हणून नेले. गुरुजींच्या घरी त्यांच्या हातचं काहीतरी राहावं, अक्कांनी ते जपून ठेवावं, एवढाच हेतू. मीही सोबत होते. अंगणात बसून अक्कांनी गाठ सोडली. एक पत्रा उचलला, उन्हात धरला. मग दुसरा. मग सगळे अंगणात पसरले. प्रत्येकावर बारीक अक्षरं आणि प्रत्येक अक्षरावरून तिरकी गेलेली रेघ.

"ह्ये त्यांनी सुईनं लिवलेलं नाव हाय नव्हं?" अक्कांनी विचारलं.

"हाव. त्यांनीच केलेल्या सह्या," मॅडम कौतुकानं म्हणाल्या.

"अन् ही काट कुणी मारली?"

"मीच. तसा नेमच असतो अक्का, एकदा छापलं की—"

"जित्त्या माणसाच्या नावावर काट मारलाव तुमी?" अक्कांचा आवाज एकदम चढला. "एवढी कशाची चीड वो तुमाला? जलमभर ह्यांचं नाव कुटं आलं न्हाई. पुस्तकात आलं न्हाई, पेपरात आलं न्हाई. आता आलं, तर तुमी काट मारून आणून दावायलाव? अन् तेबी ह्यांच्या दुखण्यात?"

मॅडम समजावू लागल्या. ओसरीवरून गुरुजींनी हात वर केला, जड जिभेनं म्हणाले, "त्यांचं... बरूबर... हाय." अक्का वळल्या, "तुमी गप ऱ्हावा!" आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. गुरुजींच्या डोळ्यांतूनही पाणी वाहायला लागलं. मला त्या क्षणी मॅडमचाही राग आला आणि अक्कांचाही, आणि दोघींपैकी चुकीचं कोण हे मात्र ठरवता येईना. अक्कांनी पत्रे गोळा करून कापडात गुंडाळले आणि मॅडमच्या मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "ह्ये माझ्या घरात नगं. तुमी या, च्या घ्या, गुरुजींना भेटा. पर त्यो पत्रा घिऊन येऊ नगा."

चाकूरपर्यंत मॅडम गाठोडं मांडीवर धरून बसल्या होत्या. चाकूरच्या स्टँडवर चहा घेताना म्हणाल्या, "मी आधी सांगायला पायजे होतं. मला ती रेघ चांगली दिसते, म्हणून त्यांनाबी दिसंल असं धरून चालले." शकुन-अपशकुन त्या मानत नव्हत्या. घरात बुद्धाच्या मूर्तीपुढं एक मेणबत्ती लावायच्या, त्यापलीकडं त्यांचं काही नव्हतं. पण अक्कांना अडाणी म्हणायची संधी मी घेतली, तेव्हा त्यांनी मला तिथंच थांबवलं. "त्यांनी नाव बघितलं, मॅडम. मी पत्रा बघत होते."

नंतर काम थांबलं. मी सुचवलं, की पत्रे शिरूरला दाखवूच नका, इथं नांदेडात रेघ मारा, अक्कांना कोण सांगायला जातंय? मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या घरात बसून, त्यांचा च्या पिऊन, त्यांच्यापासून लपवून सही घ्यायची? तसलं पुस्तक मला नको." रेघ न मारता पत्रा ठेवणंही त्यांना जमणार नव्हतं. आणि गुरुजी दिवसेंदिवस खचत होते.

फोन अक्कांचाच आला, मुलाच्या मोबाइलवरून. "या की बाई. ह्ये रोज दाराकडं बगायलेत. सुई मागायलेत." आम्ही गेलो. अक्कांनी चहा ठेवला आणि चुलीकडं तोंड करूनच विचारलं, "ती काट कामून मारायची, आता नीट सांगा." मॅडमनी सांगितलं. पुन्हा कुणी छापू नये म्हणून, एका पुस्तकाला एकच सही खरी ऱ्हावी म्हणून. अक्कांनी चहा कपांत गाळला. मग म्हणाल्या, "मंग छापा काढला की पत्रा माझ्या हवाली करा. माझ्या पेटीतनं कोण न्हेतंय बगते मी."

मला वाटलं, मॅडम नाही म्हणणार. एवढी वर्षं मी त्यांना ओळखत होते. पण त्या लगेच म्हणाल्या, "हाव. चालतंय अक्का."

पुढचे सगळे पत्रे तसेच गेले. छाप निघाला की पुढच्या खेपेला पत्रा अक्कांच्या हातात. त्या तो न बघताच आत नेऊन पेटीत ठेवायच्या आणि कडी लावल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू यायचा. मॅडम आपली प्रत शेवटची म्हणून मागं ठेवत आल्या होत्या. तिच्यासाठीचा पत्रा घेऊन गेलो, त्या दिवशी गुरुजींनी कथा डोळे मिटून ऐकली. सुई धरली, 'व्यंक' एवढं लिहिलं आणि हात खाली आला. "उरलेलं... पुढल्या खेपेला," म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "घाई न्हाई, गुरुजी."

पुढची खेप गुरुजींच्या मातीची झाली.

त्यानंतर मॅडमनी तो अर्धा पत्रा तसाच तेजाबात सोडला आणि आपल्या प्रतीच्या शेवटच्या पानावर छापला. "जेवढी झाली तेवढी," म्हणाल्या. कोरा राहिलेला भाग त्यांनी भरला नाही, गुरुजींच्या मुलाकडून भरून घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. पत्रा पुसला, रुमालात बांधला, आणि आम्ही शिरूरला गेलो.

अक्का अंगणात बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मॅडमनी रुमाल त्यांच्या हातात दिला. अक्का उठल्या, आत गेल्या, कडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा गुरुजींच्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेले सगळे पत्रे घेऊन आल्या. मॅडमसमोर जमिनीवर मांडले, नवा अर्धा पत्रा शेवटी ठेवला आणि खाली बसत म्हणाल्या, "मारा आता काट. आता काय व्हायचं ऱ्हायलंय? तुमचा नेम माझ्यापायी अर्धा नगं."

मॅडमनी पिशवीतून हत्यार काढलं. ते कायम पिशवीत असायचंच. पहिला पत्रा मांडीवर घेतला, डाव्या हातानं धरला, टोक कोपऱ्यावर टेकवलं. मी नजर फिरवायच्या तयारीत होते. एका दमात ओढायची रेघ ती, मी कितीदा बघितलेली. पण टोक जागचं हललं नाही. मॅडमनी हत्यार उचललं, परत टेकवलं, परत उचललं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "जरा सुकू द्या, अक्का."

अक्कांना त्यांची ही सवय कुठून ठाऊक असणार? त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवून बघितलं. "कोरडंच हाय की ह्ये."

"हाव," मॅडम म्हणाल्या, आणि हत्यार पिशवीत टाकलं.

थोड्या वेळानं अक्कांनी तो अर्धा पत्रा उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मला तर वाचायलाच येईना ह्ये. कुटं हाय त्यांचं नाव?" मॅडमनी पर्समधून आरसा काढला, सरकत अक्कांच्या शेजारी गेल्या आणि पत्र्यासमोर धरला. दोघींची डोकी एकमेकींना टेकली. अक्का एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या. संपलं तिथं थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. चाकूरची गाडी वेशीबाहेर येऊन हॉर्न वाजवून निघून गेली, तरी मॅडमनी हात खाली घेतला नाही. मला त्या आठवतात त्या अशाच, काळ्या नखांच्या बोटांत आरसा धरलेल्या.

पत्रे शिरूरलाच राहिले, रेघेविना. आरसाही मॅडमनी परत आणला नाही.